एक्केचाळिसावं मिनिट

१

यंत्र खोटं बोलत नाही. साक्षीदार फिरतो, कागदाला वाळवी लागते, माणसाला नातीगोती असतात. यंत्राला यातलं काहीच नसतं, म्हणून शेवटचा शब्द यंत्राचा धरावा. सिहोऱ्याच्या गुड्डी स्टुडिओतलं यंत्र नऊ दिवसांत सहा वेळा मेलं होतं, आणि पुन्हा जिवंत झाल्यावर सहाही वेळा त्याने पडद्यावर एकच निवेदन दिलं होतं: मागच्या वेळी तुम्ही मला नीट बंद केलं नव्हतं. सचिनने त्याला बंद केलंच नव्हतं. तो तेव्हा चहाच्या टपरीवर, नाहीतर दाराबाहेर होता.

सचिन हा स्टुडिओचा मालक, कॅमेरामन आणि संपादक. गुड्डी ही त्याची बहीण. तिच्या लग्नाचा व्हिडिओ अजून व्हायचा आहे; तिचा मुलगा यंदा पहिलीत गेला.

यंत्र मरत होतं ते एका दंडारीपायी. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत गावचं मंडळ दंडार, म्हणजे पुरुषांचं नाचगाण्याचं नाटक, उभी करतं, भर दुपारी, नारळ फोडून. तीत चाळीस वर्षं राणी झाले ते वासुदेवराव. यंदाही झाले, आणि आठव्या दिवशी चहाचा कप हातात असतानाच गेले. वय चौऱ्याहत्तर. "राणी नाचली आन् गेली," असं गावाने एकमताने ठरवलं आणि तसा फ्लेक्सही लावला.

त्यांच्या बायकोने, जनाबाईंनी, चाळीस वर्षांत ही राणी एकदाही पाहिली नव्हती. "तू समोर दिसलीस तं मले हासू येईन," असं वासुदेवराव म्हणत, आणि त्या दिवशी त्या घरीच राहत. आता हसू येण्याचा प्रश्न उरला नव्हता. येत्या रविवारी वासुदेवरावांचं मासिक होतं. त्या दिवशी घरच्या टीव्हीवर दंडार लावायची, आणि आपण पहिल्यांदा पाहायची, एवढं त्यांनी सचिनला सांगितलं होतं. आयुष्यात त्यांनी कोणाला काही सांगितलं असेल तर एवढंच.

सचिनने दोन कॅमेऱ्यांचं चित्रण जुळवलं. दोन तास दहा मिनिटं झालं. राहिलं होतं ते एक्स्पोर्ट, म्हणजे सगळे तुकडे शिजवून त्यांची एक फाइल बाहेर काढणं. या कामाला त्याच्या यंत्राला जवळपास तेवढाच वेळ लागतो. लावायचं त्या दिवशी पाच वाजता तो अगरबत्ती लावी, एक्स्पोर्ट सुरू करी, दार ओढून बाहेरून कडी घाली आणि टपरीवर जाऊन बसे. पावणेसहाला परत येऊन पाही तर पडदा काळा, पंखे थांबलेले.

तिसऱ्या वेळी त्याने दाराच्या फटीतून पाहिलं. एक्केचाळिसाव्या मिनिटाला, पडद्यावर राणीने स्टेजवर पाऊल ठेवलं आणि यंत्र विझलं. चौथ्या, पाचव्या, सहाव्या वेळीही तेच.

सचिन टपरीवर परतला आणि चहा न घेताच पैसे देऊन मोकळा झाला. त्याने काही सांगायच्या आधीच लोकांना कळलं.

२

सोमवारी शाळा सुटायला आणि जनाबाई फाटकाशी यायला एकच गाठ पडली. रिता मॅडम तिथे विज्ञान शिकवतात. गावात कोणाचा पंप, मिक्सर किंवा नवरा बिघडला की पहिली विचारणा त्यांच्याकडे होते.

"रिता, लोकं म्हणून राहिले का ते दंडार टीव्हीवर येऊ नाही देऊन राहिले," जनाबाई म्हणाल्या.

"कोण?"

"ते." नवऱ्याचं नाव त्यांनी आजवर घेतलं नव्हतं, आताही घेतलं नाही. "मी पाहू नाही म्हून. जितेपणी नाही म्हणत होते, आता मेल्यावरबी नाहीच म्हणून राहिले का? एवढं काय केलं मी?"

त्या रडल्या नाहीत. थप्पड बसलेल्या माणसासारख्या उभ्या होत्या. रिता मॅडमनी वह्यांचा गठ्ठा चपराशाकडे दिला आणि तशाच सचिनकडे गेल्या.

गुड्डी स्टुडिओ म्हणजे सचिनच्या स्वयंपाकघराचा अर्धा भाग. मध्ये प्लाय ठोकून त्याने खोली काढली होती. प्लायला लागून टेबल, टेबलावर यंत्राचा डबा, डब्याच्या पाठीमागे प्लायला वीतभर भोक. उन्हाळ्यात गरम हवा पलीकडे जावी म्हणून एप्रिलमध्ये पाडलेलं. दुसरं दार नाही, खिडकी नाही.

"धूळ?" मॅडमनी विचारलं.

"दोनदा साफ केली. पंखा नवीन टाकला. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. रॅम दुसऱ्या मशीनची लावून पाहिली. व्होल्टेजसाठी यूपीएस आहे. मॅडम, जेवढं समजते तेवढं सारं केलं."

"आणि जेवढं नाही समजत ते?"

"त्याच्यासाठी लिंबू बांधला."

लिंबू खरंच बांधलेला होता.

"बंद पडल्यावर लगेच पुन्हा लावून पाहिलं कधी?"

सचिनने मान खाली घातली. विज्ञानात पस्तीस मिळाले होते तेव्हा घातली होती तशीच. "एकदा लावलं. नवव्या मिनिटाले गेलं."

"नवव्या? राणी येते एक्केचाळिसाव्याला."

"हाव."

"हे कोणाला सांगितलं नाहीस?"

"सारं गाव एक्केचाळीस म्हणून राहिलं मॅडम. मी कायले मधात बोलू?"

प्लायच्या पलीकडून त्याची आई, मंदाबाई, वाटी घेऊन आली. वाटीत दही होतं, वर साखर. चमचा उभा राहील इतकं घट्ट. मॅडमनी ते दोन घासांत संपवलं. त्यांच्या घरी दिवाळीपासून दही लागलेलं नव्हतं. रोज सकाळी पातेल्यात दूधच भेटायचं, किंचित नाराज झालेलं.

"काय करता हो, एवढं घट्ट?"

"काही नाही बाप्पा. आपलं साधं विरजण."

३

मंगळवारी संशयितांची चौकशी झाली. ते तसे दोनच होते. तिसरे संशयित जबाब देण्याच्या पलीकडे गेले होते.

पहिला राजकुमार. नाकाडोंगरीला त्याचा स्टुडिओ आहे आणि "सिहोऱ्याचं काम माझ्याकडेच यायले पायजे होतं" असं तो उघड म्हणतो. मॅडमनी फोन लावला.

"मी पाडलं म्हणता? सहाही दिवस मी कोंढ्यात लग्नाच्या शूटिंगवर होतो, हळदीपासून पाठवणीपर्यंत. फोटोत माझी सावली आहे, पाहून घ्या." मग त्याचा आवाज खाली आला. "मॅडम, एक विचारू? नऊ दिवसांत फक्त सहाच वेळा पडलं का त्याचं?"

"फक्त?"

"माझं तं दिवसाले तीनदा पडते. मी कोणाले सांगत नाही."

त्याला धक्का बसला होता तो स्पर्धकाचं यंत्र आपल्यापेक्षा चांगलं असल्याचा. मॅडमनी त्याचं नाव खोडलं.

दुसरे कैलाशभाऊ, वासुदेवरावांचे धाकटे भाऊ आणि मंडळाचे अध्यक्ष. ते ओट्यावर बसून तंबाखू मळत होते.

"व्हिडिओचे दोन तुकडे करून सचिनने वेगवेगळे काढले तर?"

"दंडार तोडत नाही मॅडम. नारळ फोडून उभी केली का शेवटपर्यंत न्याची. मधात तोडली तं मंडळाले दोष लागते."

"मग रविवारी जनाबाई काय पाहतील?"

"नाही पाहिलं तं काय होते? चाळीस वर्सं नाही पाहिलं. राहू द्या. दादाची मर्जी नसंन."

"तुम्हाला कसं माहीत त्यांची मर्जी?"

"मेलेल्याची मर्जी का विचारून राहिल्या. मले घरच्या जित्या बाईची समजत नाही."

"मंडईच्या दिवशी वासुदेवराव कसे नाचले?"

कैलाशभाऊंचा अंगठा तळहातावर थांबला. तंबाखू केव्हाच मळून झाली होती. ती त्यांनी पुन्हा मळली.

"चांगले नाचले," ते म्हणाले.

सरळ प्रश्नाचं सरळ उत्तर होतं. इतका वेळ त्याला लागायला नको होता.

४

त्याच दिवशी पाच वाजता प्रयोग ठरला. बातमी कशी पसरली ते माहीत नाही, पण स्टुडिओच्या दाराशी अकरा माणसं होती. मंदाबाईंनी सगळ्यांना चहा दिला आणि मॅडमजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "आज दही नाही देत. काल लागलंच नाही, सारं पाणीपाणी."

मॅडमनी हिशेब मांडला तो असा. राणीचा दोष असेल, तर राणी आली की यंत्र विझेल, मग सुरुवात कुठूनही करा. सचिनला त्यांनी पस्तिसाव्या मिनिटापासून एक्स्पोर्ट सुरू करायला सांगितलं. म्हणजे सहा मिनिटांत निकाल.

दाराला आतून कडी घातली. आत मॅडम आणि सचिन, दोघंच. अगरबत्तीचा धूर सरळ वर जात होता.

छत्तीस. अडतीस. चाळीस.

एक्केचाळीस. राणी आली. डोक्यावर पदर, तोंडाला पांढरा रंग, कमरेवर हात. ती नाचली, वळली आणि निघून गेली. यंत्र चालूच राहिलं.

दाराबाहेर काही न घडल्याचा धक्का बसला. भीती खरी ठरली असती तर माणसं शांतपणे घरी गेली असती. आता कोणाला काय करावं ते सुचेना. "इंजिनाले मॅडमचा धाक आहे," असं कोणीतरी पुटपुटलं.

सचिन हसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मॅडम हसल्या नाहीत. अर्ध्या तासाने त्यांनी डब्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. तव्यावरून काढावा तसा.

एक तास अठराव्या मिनिटाला यंत्र विझलं.

सचिन पडद्याकडे पाहत राहिला. काळ्या काचेत त्याचाच चेहरा होता आणि तोंड उघडं होतं.

"एक तास अठराले काय आहे?" दाराबाहेरून प्रश्न आला.

"राणीचा विलाप," सचिन म्हणाला.

"मंग बरोबर आहे," बाहेर सगळ्यांचं समाधान झालं. एक्केचाळीस मिनिटांची गोष्ट सहा मिनिटांत मोडली आणि दुसरी उभी राहिली. तिच्यासाठी नारळही लागला नाही.

५

बुधवारी मॅडमनी सातवीच्या वर्गाला उष्णतेचं वहन शिकवायला घेतलं आणि मध्येच खडू हातात धरून उभ्या राहिल्या.

जागा बदलली तरी वेळ बदलली नव्हती. सुरुवातीपासून लावलं तर एक्केचाळीस मिनिटं, पस्तिसापासून लावलं तर त्रेचाळीस. आणि विझल्याबरोबर पुन्हा लावलं तर नऊ, कारण तोवर ते निवालेलंच नसतं. यंत्राला राणीशी काही देणंघेणं नव्हतं. ते तापत होतं आणि जीव वाचवायला स्वतःच बंद होत होतं.

इथवर ठीक. पण शाळा सुटल्यावर सचिनने जे ऐकवलं त्याने त्या पुन्हा थांबल्या.

"मॅडम, मे महिन्यात चौदा लग्नं केली या मशीनवर. तीन-तीन तासांच्या फिल्मा. बाहेर पंचेचाळीस डिग्री, मी ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसत होतो, आणि हे एकदाबी नाही पडलं. आता डिसेंबर आहे. मी स्वेटरवर स्वेटर घालून राहिलो. थंडीत तापून मरते का कोणी?"

"दिवाळीनंतर दुसरं काय काढलं?"

"रील, प्री-वेडिंग. पाच-दहा मिनिटांचं. त्यात काही नाही झालं."

जे उन्हाळ्यात होत नाही आणि थंडीतच होतं, असं काहीतरी. आणि तेही बंद खोलीत, आत कोणी न जाता.

मंदाबाई वाटी घेऊन आल्या. "घ्या मॅडम, आज चांगलं लागलं."

चमचा उभा राहिला.

मॅडमनी दह्याकडे पाहिलं. सोमवारी घट्ट, रविवारी एक्स्पोर्ट झालं होतं. मंगळवारी पाणीपाणी, सोमवारी यंत्राला सुट्टी होती. आज घट्ट, काल प्रयोग होता. वाटी त्यांच्या हातात कलली आणि थोडं दही साडीवर पडलं.

"सचिन," त्या म्हणाल्या, "उद्या पाचला सुरू कर. नेहमीसारखी कडी लाव आणि टपरीवर जा."

"आणि तुम्ही?"

"मी मंदाबाईंसोबत भाजी निवडते."

६

गुरुवारी पाच वाजून सात मिनिटांनी प्लायच्या पलीकडे पंखे घुमू लागले. मंदाबाईंनी कान टवकारले, मेथीची जुडी बाजूला ठेवली, कोमट दुधाच्या गंजात चमचाभर विरजण ढवळलं, वर ताटली झाकली, गंजाला जुन्या गोधडीचे तीन वेढे दिले आणि तो सगळा बोंदा प्लायच्या भोकात घट्ट बसवला. वर एक उशी दाबली. गुंडी काजात बसल्यासारखं काम झालं.

मग त्या पुन्हा मेथीला लागल्या.

"रोज करता?" मॅडमनी विचारलं.

"मशीन लागली का ठेवतो. मस्त गरम हवा येते तिथून. वाया कायले जाऊ द्याची?"

"आणि मशीन बंद झाली की?"

"बंद झाली म्हंजे झालं ना तिचं. कुकरसारखं. मंग सकाळपर्यंत तसंच राहू देतो."

"सचिनला माहीत आहे?"

मंदाबाईंनी मॅडमकडे आश्चर्याने पाहिलं. "तो कायले येईन इकडं? मानूस आहे तो."

चौतीस वर्षं सचिन या घरात राहतो. ताट त्याच्यासमोर येतं. मॅडमनी निरोप पाठवून त्याला बोलावलं तेव्हा तो उंबऱ्याशीच थांबला, परक्याच्या घरी आल्यासारखा. पहिल्यांदा त्याने विचारलं ते हे, की पाण्याचा माठ इथे असतो का. मग त्याला भोक दिसलं. म्हणजे उशी दिसली.

मॅडमनी उशी काढली, गोधडी ओढली. भोकातून धग आली. दोन हात दूर बसलेल्या मंदाबाईंचे केस हलले.

"इतके दिवस," सचिन म्हणाला. "मी प्रोसेसरची पेस्ट बदलली, माय."

"म्हंजे वासुदेवभाऊ नाही," मंदाबाई हळूहळू म्हणाल्या. "मीच होतो?" त्यांचा चेहरा इतका पांढरा पडला की मॅडमनी त्यांना पाणी दिलं. माठ कुठे आहे हे मॅडमना माहीत होतं. पाणी पिऊन झाल्यावर मंदाबाईंनी गंज मांडीवर घेतला आणि विचारलं, "मंग आता दही कुठं ठेवू?"

एक्केचाळीस मिनिटं झाली. त्रेचाळीस. सव्वासातला स्टुडिओतून टुंग असा आवाज आला. फाइल तयार होती.

राजकुमारला हे कळलं तेव्हा, सांगतात, तो आपल्या यंत्रामागे जाऊन बराच वेळ उभा राहिला. त्याच्याकडे दही नव्हतं.

७

रविवारी दुपारी पंगत उठल्यावर टीव्हीत पेनड्राइव्ह लावला. जनाबाई समोर सतरंजीवर, मागे अर्धं गाव. कैलाशभाऊ दाराच्या चौकटीला टेकून, अर्धे बाहेर.

नारळ फुटला, नमन झालं, दंडार सुरू झाली. जनाबाई पडद्याच्या इतक्या जवळ सरकल्या की मागच्यांना दिसेना. मागचे उभे राहिले. एक्केचाळिसावं मिनिट जवळ आलं तसे लोकांनी हात जोडले. सचिनने रिमोट खाली ठेवला.

राणी आली. डोक्यावर पदर, कमरेवर हात.

जनाबाई पाहत राहिल्या. राणी नाचली, वळली, निघून गेली.

"हा कैलाश होय," जनाबाई म्हणाल्या.

पडद्यावर ढोलकी वाजत होती.

कैलाशभाऊ चौकटीवरून खाली बसले. "दादाले ताप होता, वयनी. स्टेजवर चढायची ताकद नव्हती. बोर्डावर नाव त्याचं, लोकं त्याच्याच नावावर आलेले. म्हणे, तू नेस लुगडं, कोणाले सांगू नको. मंडळातल्या चौघांनाच मालूम. मंग आठ दिवसांत तो गेला, आन् लोकं म्हणायले लागले राणी नाचली आन् गेली. फ्लेक्स लागला. आता मी कोणत्या तोंडानं सांगू?"

फ्लेक्स अजून चौकात होता. त्यावरचा फोटो कैलाशभाऊंचा होता, हे त्या क्षणी बऱ्याच जणांच्या लक्षात आलं.

सचिन उठला. त्याच्याच्याने तिथे बसवेना. "जनामाय, मले माफ करा. त्याईचं काहीच नाही याच्यात."

"काहून नाही?" जनाबाई वळल्या. त्यांचा आवाज खणखणीत होता, महिनाभरात कोणी ऐकला नव्हता असा. "तिसऱ्या मिनिटालेच तं दिसले. मागं घे."

सचिनने मागे घेतलं. नमन चाललं होतं. कॅमेरा गर्दीवरून फिरला. कोपऱ्यात पोत्यावर एक म्हातारा बसलेला, मफलरमध्ये गुंडाळलेला, नाकच काय ते बाहेर. त्याच्या हातात कागदाची पुडी होती. पुडीतून त्याने एक भजं काढलं, कागदात दाबून त्याचं तेल टिपलं, तोंडात टाकलं आणि दुसरं काढलं.

"तेल टिपून खातेत," जनाबाई म्हणाल्या. "तेच होय."

"किती खाल्ले?" मागून कोणीतरी विचारलं.

जनाबाईंनी मोजले. "सात." मग त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "डॉक्टरनं तेलकट बंद केलं होतं. मले म्हणे, मी दिवसभर उपाशीच नाचलो."

आणखी एकदा लावायला त्यांनी सांगितलं. सचिनने लावलं. मग आणखी एकदा. चौथ्या वेळी त्या हसल्या, पदराआड, आणि पुढची दंडार पाहायला त्यांनी नकार दिला.

सुरुवातीचा तो तीन मिनिटांचा तुकडा सचिनने मंडईच्या दुसऱ्याच दिवशी गावाच्या ग्रुपवर टाकला होता. महिनाभर तो सगळ्यांच्या फोनात होता, आणि पोत्यावरचा म्हातारा कोणाला दिसला नव्हता.